‘आवड ज्याची त्याची’ म्हणण्यापूर्वी

गेली बारा वर्षे आम्ही चार जण एकमेकांना चित्रपट सुचवत आलो आहोत. मी मराठीचा प्राध्यापक. दुसरे भौतिकशास्त्राचे सर. तिसरे आमचे सेवानिवृत्त ग्रंथपाल. आणि चौथे प्रयोगशाळेतील परिचर, ज्यांना सारे महाविद्यालय ‘भाऊ’ म्हणते. नियम एकच. ज्याची पाळी असेल त्याने एक चित्रपट सुचवायचा, इतरांनी तो शेवटपर्यंत पाहायचा आणि पाहून झाल्यावर बोलायचे. सुरुवातीला पेनड्राइव्ह फिरत असे. आता ज्याच्याकडे ज्या वाहिनीची वर्गणी असेल त्याच्या घरी आम्ही जमतो.

चौघांच्या अभिरुचीत मेळ म्हणून नाही. ग्रंथपाल राजा परांजपे यांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) त्यांनी किती वेळा पाहिला असेल ते तेच जाणोत. १९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा ते विशीत होते. त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) कथा ज्याने लिहिली तो मनुष्य साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आपल्या गावात बसलेला पाहिला, तेव्हापासून साहित्य थोर आणि सिनेमा थिल्लर हा भेद आपल्या मनातून गेला, असे ते सांगतात. भौतिकशास्त्राच्या सरांना कोडे घालणारा चित्रपट लागतो. शेवट कळला तर त्यांना तो फसला असे वाटते. भाऊ झरी-जामणीकडचे, तेलंगणाच्या सीमेवरचे. तेलुगू त्यांना लहानपणापासून कळते आणि तेलुगू नायकाने एका हाताने जीप उलथवली तरी त्यांना त्यात अनैसर्गिक काही वाटत नाही. माझी आवड मी सांगायला नको. मराठीत एम. ए. केलेल्या, ‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ (१९७९) यांच्यावर वाढलेल्या, ‘कोर्ट’ (२०१४) तीनदा पाहिलेल्या माणसाची जी असते ती.

मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला चांगला चित्रपट बहुधा मित्राकडूनच कळत आला. हा मित्र आपल्यासारखाच असेल तर तो जे सुचवतो ते आपण कधी ना कधी पाहणारच असतो. आजकाल ते काम यंत्रही करते: हे पाहिलेत, मग हेही पाहा. भिन्न रुचीच्या मित्राची शिफारस मात्र आपल्याला अशा दारात नेऊन उभी करते, जिथे आपण आपणहून गेलो नसतो. माझा मुद्दा त्या दाराविषयीचा आहे, आणि तो मला फार उशिरा, थोडा ओशाळवाणेपणा पत्करून कळला.

आमच्यात पहिली काही वर्षे वाद झाला की ग्रंथपाल समेट घडवीत: ‘जाऊ द्या हो सर, आवड ज्याची त्याची.’ वाक्य सभ्य आहे, उदारही वाटते. परंतु नीट पाहिले तर ते ऐकून घेण्यातून सुटका करून घेण्याचे वाक्य आहे. समोरच्याला आवड आहे एवढे आपण मान्य करतो. त्याच्यापाशी कारण असू शकते हे मान्य करीत नाही. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) शिकवताना कान्टचा जो विचार वर्गात मांडावा लागतो तो नेमका याच्या उलट दिशेचा आहे. एखादे पेय मला रुचते म्हणताना मी इतरांकडून काही मागत नाही. एखादी गोष्ट सुंदर आहे म्हणताना मात्र मी सर्वांच्या संमतीची मागणी करीत असतो, ती मिळणार नाही हे ठाऊक असूनही. ‘हा चित्रपट पाहाच’ या वाक्यातला ‘च’ म्हणजे हीच मागणी. म्हणूनच मित्राने आपला आवडता चित्रपट अर्ध्यावर सोडला तर आपण दुखावतो. भाजी नाही आवडली म्हणाला असता तर एवढे लागले नसते.

आता प्रसंग सांगतो.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पाळी होती आणि मी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) सुचवला. आपल्या भागाचा, आपल्या बोलीतला चित्रपट. रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेलेला. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांची कामे उत्तम. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसेच काही करील या भीतीने बायको त्याला एकटे सोडत नाही, पोराला त्याच्या मागे लावून देते, आणि या भयातून एक विलक्षण काळा विनोद निर्माण होतो. माझ्या मते विदर्भातील शेतकऱ्याच्या वाट्याला आलेल्या चित्रपटांत इतका संयत चित्रपट दुसरा नाही. भौतिकशास्त्राच्या सरांनी तो पाहिला व प्रथमच मान्य केले की कोड्याविना चित्रपट असू शकतो. ग्रंथपालांना गाणी नसल्याची रुखरुख लागली, पण आवडला. भाऊ गप्प होते. मी खोदून विचारले. ते म्हणाले, ‘म्या नाई पाह्यला सर थो. आमच्या घरी थो पिच्चर होऊन गेला.’

त्यांच्या थोरल्या भावाने २००६ च्या पावसाळ्यात औषध घेतले होते. कोणते औषध हे या जिल्ह्यात विचारावे लागत नाही. त्याच वर्षी जून-जुलैच्या संधीवर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली होती. आम्ही दोघे नऊ वर्षे एका इमारतीत काम करीत होतो आणि मला हे ठाऊक नव्हते. दरवर्षी १९ मार्चला, १९८६ साली कुटुंबासह जीवन संपवणाऱ्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या स्मरणार्थ अन्नत्याग होतो, त्याविषयी मी वर्गात बोलत असे. परिचराच्या घरात काय घडले हे मात्र विचारले नव्हते.

येथे एक सोपी पळवाट आहे, आणि माझ्या एका सहकाऱ्याने ती लगेच दाखवली: ‘दुःख फार जवळचे असले की कलेचा आस्वाद घेता येत नाही, अंतर लागते.’ विद्यार्थ्यांना आपण हे शिकवतोच. पण या वाक्याने भाऊंचा नकार चित्रपटाच्या बाहेरचा ठरतो, व्यक्तिगत अडचण ठरतो, आणि माझी शिफारस निर्दोष राहते. मला ते पटले नाही. भाऊंनी नुसता नकार दिला नव्हता. पुढची पाळी त्यांची होती, आणि त्यांनी उत्तरादाखल चित्रपट सुचवला: महेश बाबूचा ‘महर्षी’ (२०१९).

मी तो आधीच मनातून निकालात काढला होता. जवळजवळ तीन तासांचा चित्रपट. अमेरिकेतल्या कंपनीचा प्रमुख गावी येतो, मित्राच्या गावावरचे संकट दूर करतो, मारामाऱ्या करतो, आणि शेवटी शहरातले लोक आठवड्याच्या सुटीत शेतावर राबायला येऊ लागतात. खाली इंग्रजी ओळी वाचत मी तो नियमापुरता पाहिला. एक प्रसंग मात्र मनात राहिला. त्यात एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर नायक शेतात उतरतो आणि नांगर हाती घेतो. त्या जागी नायक नवखा आहे आणि म्हातारा जाणता.

चर्चेच्या वेळी मी म्हटले, ‘भाऊ, असा कोण कोट्यधीश येणार आहे आपल्याकडे?’ ते म्हणाले, ‘कोनी येत नसते सर, मले ठाऊक हाये. पन त्यात म्हाताऱ्याले काही येते. तुमच्या पिच्चरमंधी शेतकऱ्याले फक्त मरता येते.’

‘गाभ्रीचा पाऊस’ न पाहताच केलेले हे विधान त्या चित्रपटावर अन्याय करणारे आहे, आणि ते मी त्यांना सांगितलेही. त्यातला किसना मूर्ख नाही, निष्क्रिय नाही. त्याची बायको तर चित्रपटातील सर्वांत तल्लख व्यक्ती आहे. पण या एका चित्रपटापुरते चुकलेले विधान एका परंपरेविषयी फारसे चुकलेले नव्हते. शेतकऱ्यावरच्या किती कथा, कविता, एकांकिका मी स्पर्धांचा परीक्षक म्हणून वाचल्या आहेत! त्यांत फास असतो, झाड असते, सावकार असतो. कापसाच्या दोन ओळींत तूर का घ्यायची, बोंडअळी कोणत्या दिवसांत पडते, ओलावा हाताला कसा कळतो, हे जाणणारा मनुष्य नसतो. आम्ही करुणेच्या भरात त्याचे ज्ञान काढून घेतले. ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) प्रदर्शित झाला तेव्हा विदर्भ जनआंदोलन समितीने त्यावर बंदीची मागणी केली होती. मला ती तेव्हा हास्यास्पद वाटली होती. उपरोध ज्यांच्या बाजूने आहे त्यांनाच तो कळू नये याचे वाईट वाटले होते. बंदीला माझा विरोध आजही आहे. पण ज्याच्यावर उपरोधाची छाया पडते त्याला काय दिसते, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नव्हता.

असेच आणखी एकदा झाले. २०२१ साली भौतिकशास्त्राच्या सरांनी ‘शेरनी’ सुचवला. चित्रीकरण मध्य प्रदेशातले, पण आमच्या जिल्ह्यात तो पाहताना २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात मारल्या गेलेल्या टी-१ वाघिणीची, ‘अवनी’ची आठवण कोणाला होणार नाही? त्या वेळी पांढरकवडा वनविभागाच्या प्रमुख महिला अधिकारीच होत्या. आम्हा तिघांना वाघिणीविषयी हळहळ वाटली. भाऊंची बहीण राळेगावकडे दिलेली. त्या वाघिणीच्या नावावर तेरा मृत्यू नोंदले गेले, त्या काळात कापूस वेचायला बाया घोळक्याने जात आणि उजेड असताना परतत, हे त्यांनी सांगितले. चित्रपट त्यांना आवडला. फक्त ‘जंगल लय दाखवलं, वावर कमी’ एवढेच म्हणाले. मला वाटते, त्या चित्रपटावरचा इतका नेमका अभिप्राय माझ्या वाचनात आला नाही.

प्रेक्षकांची रुची एकसारखी नसते हे काही नवे ज्ञान नव्हे. नाट्यशास्त्रातील सिद्धिविचारात तरुणांना शृंगार, शूरांना युद्ध, विरक्तांना मोक्षविषय आणि वृद्धांना पुराणकथा रुचतात असे सांगितले आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त नाट्याचार्य गणदासही भिन्न रुचीच्या लोकांचे एकत्र आराधन म्हणूनच नाट्याचे कौतुक करतो. हे दोन्ही संदर्भ आपण परीक्षेपुरते देतो. पण भरत तेवढ्यावर थांबत नाही. प्रयोगाविषयी वाद झाला तर निर्णय कोणी द्यावा यासाठी तो प्राश्निकांची यादी देतो, आणि ती वाचताना आजही नवल वाटते: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक. ज्याचा जो विषय त्यात त्याचा निर्णय. शस्त्र कसे धरले हे धनुर्धर सांगेल, व्याकरणपंडित नव्हे. अभिरुची एकाच्या हाती न ठेवता ती वाटून देण्याची ही व्यवस्था आहे. तिच्यात वैयाकरणाला स्थान आहे, म्हणजे मलाही आहे. पण नांगर धरला जातो त्या प्रसंगी प्राश्निक भाऊ आहेत.

डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये रुचीवरील निबंधात ‘डॉन किहोटे’तील एक गोष्ट दिली आहे. दोघा जाणकारांना एका पिंपातले मद्य चाखायला देतात. एक म्हणतो, चांगले आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणतो, लोखंडाचा. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी किल्ली सापडते, चामड्याची वादी बांधलेली. ह्यूम ही गोष्ट रसज्ञाची जीभ किती सूक्ष्म असते यासाठी सांगतो. मला तिच्यातले वेगळेच महत्त्वाचे वाटते. दोघांपैकी कोणालाही संपूर्ण किल्ली कळली नव्हती.

याचा अर्थ सर्व चित्रपट सारखे, असा कोणी घेऊ नये. ‘गाभ्रीचा पाऊस’ हा ‘महर्षी’हून पुष्कळ श्रेष्ठ चित्रपट आहे असे मी आजही मानतो, आणि ते भाऊंना तोंडावर सांगतो. त्यांना खूष ठेवण्यासाठी ‘तुमचाही छान होता’ म्हणणे हा त्यांचा अपमान झाला असता. तीही ‘आवड ज्याची त्याची’चीच एक रीत. फक्त आता ही श्रेष्ठता सिद्ध करताना मला त्यांच्या आक्षेपाला उत्तर द्यावे लागते, आणि त्यामुळे मला तो चित्रपट पूर्वीपेक्षा अधिक कळला आहे. अळकाच्या धडपडीत किती प्रकारचे शहाणपण आहे हे मी भाऊंशी भांडताना पाहिले, समीक्षा वाचताना नव्हे.

साहित्याच्या अध्यापकांनी यातून स्वतःकडे पाहावे असे मला वाटते. वर्गात शिफारस एकाच दिशेने वाहते. आपण यादी देतो, विद्यार्थी उतरवून घेतात. आपल्या यादीतले त्यांना रुचले नाही तर आपण त्यांच्या अभिरुचीची काळजी करतो. गेल्या दोन वर्षांपासून मी एम. ए.च्या वर्गात प्रत्येकाला एक चित्रपट सुचवायला सांगतो आणि तो पाहून त्यावर लिहिण्याचे काम स्वतःकडे घेतो. बरेचसे चित्रपट वाईट असतात. काही विद्यार्थी मला आवडेल तेच सुचवतात. ही लबाडी मी ओळखतो आणि परत पाठवतो. एका मुलीने मात्र तिच्या आईला आवडणारा चित्रपट सुचवला आणि आईला तो का आवडतो याविषयी दीड पान लिहिले. तिने परीक्षेत एवढे चांगले कधी लिहिले नव्हते.

येत्या रविवारी भौतिकशास्त्राच्या सरांची पाळी आहे. चित्रपट कोरियन आहे, सव्वादोन तासांचा आहे, त्यात एकही गाणे नाही आणि मध्ये उठायचे नाही, अशी तंबी त्यांनी आधीच दिली आहे. भाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘मंग सर, चाहा कवा प्याचा?’