विश्लेषण : कुस्तीच्या आखाड्यात पंचांवरचा विश्वास का डळमळतोय?

यवतमाळ : जिल्ह्यात यात्रा-जत्रांचा हंगाम आला की गावोगावी आमदंगल रंगते आणि तिथे हमखास एक चर्चा होते, ती म्हणजे पंचांची. ‘महाराष्ट्र केसरी’च्या गेल्या काही स्पर्धांत निकालांवरून झालेल्या वादांनी या चर्चेला धार आली आहे. मल्ल चिडतात, प्रेक्षक हुर्यो उडवतात, समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरतात. चूक नेमकी कुठे होते आणि ती टाळता येईल का?

अहिल्यानगरमध्ये काय घडले?

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे ६७व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या निर्णायक लढती झाल्या. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा राक्षेचा दावा होता. वाद वाढला आणि राक्षेने पंचांना लाथ मारली. त्यानंतरच्या किताबी लढतीतही मोहोळविरुद्ध खेळणाऱ्या महेंद्र गायकवाड याने गुणाच्या निर्णयावर आक्षेप घेत, काही सेकंद शिल्लक असतानाच आखाडा सोडला. मोहोळ ‘महाराष्ट्र केसरी’ ठरला, तर राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. राक्षेच्या लढतीच्या निकालाची चौकशी करण्यासाठी नंतर समिती नेमण्यात आली.

हा पहिलाच वाद होता का?

नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत गायकवाडला टांग डावावर चार गुण देण्यात आले. डाव पूर्ण बसलाच नव्हता, मग चार गुण कसे, असा सवाल शेखच्या चाहत्यांनी केला. पंचांना धमकी आल्याची तक्रारही पोलिसांत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे शेखने गदा पटकावली, पण कोथरूडच्या ‘त्या चार गुणां’चा वाद अजून विस्मरणात गेलेला नाही.

मातीतली आणि गादीवरची कुस्ती यात फरक काय?

वादाचे अर्धे मूळ इथे आहे. आमदंगलीत इनामी कुस्ती बहुधा चितपटीवरच ठरते. पाठ लागली की निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. निकाल पंचांइतकाच कडेला बसलेल्या प्रेक्षकालाही दिसतो. गादीवरची कुस्ती मात्र गुणांवर चालते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर काढले तर एक गुण, खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन, उचलून थेट पाठीवर टाकले तर चार. दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. दोन आणि चार गुणांतला फरक पंचांनी क्षणभरात ठरवायचा असतो. तो हजारो प्रेक्षकांना कळत नाही आणि कुणी समजावूनही सांगत नाही.

नियमांत पंचांच्या चुकीवर उपाय आहे का?

आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका लढतीला तीन अधिकारी असतात : गादीवरचा पंच, बाजूचा पंच आणि गादीप्रमुख. चितपटीचा निर्णयही एकट्या पंचाचा नसतो, त्याला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते. गुणावर आक्षेप असेल तर प्रशिक्षक चित्रफीत तपासण्याची मागणी करू शकतो. मागणी फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे ऊठसूट आक्षेप घेण्यालाही चाप आहे. पण ही व्यवस्था चालण्यासाठी योग्य कोनातले कॅमेरे, पुरेसा वेळ आणि व्यासपीठावरील पाहुण्यांच्या गर्दीपासून पंचांना मोकळीक लागते.

चाहते एवढे का चिडतात?

कारण पणाला पुष्कळ काही लागलेले असते. गदा, वाहन, रोख बक्षीस तर असतेच, शिवाय सलग तीनदा किताब जिंकणारे नरसिंग यादव आणि विजय चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. शेतकरी कुटुंब पोराच्या खुराकासाठी वर्षानुवर्षे पैसा ओतते. एका चुकीच्या गुणाने ते वर्ष हातचे जाते. त्यात राज्यातील कुस्ती संघटनांची गटबाजी आहेच. अहिल्यानगरनंतर दोनच महिन्यांत त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे दुसरी ‘महाराष्ट्र केसरी’ झाली आणि तिथे वेताळ शेळके विजेता ठरला. किताबच दोन असतील तर पंच नेमके कुणाला उत्तरदायी, हा प्रश्न उरतोच.

तंत्रज्ञानाने प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. अमेरिकन फुटबॉलचे उदाहरण बोलके आहे. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांच्या उपान्त्य लढतीत अखेरच्या मिनिटांतला एक उघड फाऊल पंचांनी दिला नाही आणि सेंट्सची अंतिम फेरी हुकली. संतापाची लाट पाहून ‘एनएफएल’ने अशा फाऊलची चित्रफीत तपासण्याची मुभा दिली. मात्र तपासणीचे निकष दर सामन्याला बदलत असल्याची तक्रार झाली आणि एका हंगामातच हा नियम गुंडाळला गेला. कॅमेऱ्यात काय घडले ते दिसते, पण त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो आणि तो सर्वांना सारखा लावला तरच लोक मान्य करतात.

मग मार्ग कोणता?

विदर्भातल्या शंकरपटात जोडीचा निकाल घड्याळावर ठरतो, म्हणून तिथे हरणारा नशिबाला बोल लावतो. कुस्तीत घड्याळाची ही सोय नाही. म्हणून निर्णय मोठ्या पडद्यावर दाखवणे, गुण कशासाठी दिला ते ध्वनिक्षेपकावरून सांगणे, पंचांचे नियमित प्रशिक्षण आणि त्यांच्या कामगिरीचे मूल्यमापन एवढे तरी करता येईल. पंचांवर हात उगारणाऱ्याला शिक्षा हवीच, त्याबाबत दुमत नाही. पण मल्लाची शिक्षा तडकाफडकी आणि पंचांच्या निर्णयाची चौकशी मागाहून, असा क्रम राहिला तर प्रेक्षकांचा रोष कायम राहील. गावच्या आमदंगलीत पंच म्हणून जुन्या वस्तादाला बसवतात, ते लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास असतो म्हणून. राज्याच्या सर्वांत मोठ्या आखाड्यातल्या पंचांना तो विश्वास पुन्हा मिळवावा लागेल.