चौथ्या चाकाचा प्रश्न

कापड मोजताना गजामागे बोटभर कमी भरले, तर गिऱ्हाइकाच्या ते ध्यानात येईलच असे नाही. मापणाऱ्याला मात्र ते ठाऊक असते. इंग्लंडमधील आगगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींना असेच एक उणे माप सलत होते. तेथे सर्वाधिक प्रचलित प्रमाण एका फुटास ४ मिलिमीटर हे आहे. त्या हिशेबाने ४ फूट ८½ इंच रुंदीचा लोहमार्ग १८.८३ मिलिमीटर भरावयास हवा; बाजारात मिळणारा मार्ग मात्र १६.५ मिलिमीटरचा. खऱ्या मापात ही तूट सुमारे ७ इंचांची होते. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान. त्यांत त्या काळची यंत्रे मावावीत म्हणून वरची गाडी थोडी मोठी केली गेली आणि खालचे रूळ तसेच राहिले.

१९६० च्या दशकात काही जणांनी ही तडजोड नाकारली व १८.८३ हेच माप धरले. त्यासाठी पुष्कळशा गाड्या स्वहस्ते घडवाव्या लागतात. उदाहरणार्थ, कोळसा वाहणारी १६ टनी वाघीण घ्या. प्रतिकृतीत तिची लांबी जेमतेम ६६ मिलिमीटर, दोन आसांमधील अंतर ३६ मिलिमीटर. तिचे सुटे भाग पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या पातळ पत्र्यावर आम्लासारख्या द्रावाने कोरलेले असतात. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहेच.) जेथे दुमडावयाचे तेथे पत्रा अर्धाच कोरलेला असतो. ती रेघ बहुधा आतल्या बाजूस ठेवून घडी घालावयाची आणि आतून डाख द्यायचा. घडी एकदा चुकली आणि पुनःपुन्हा उलटसुलट वाकवली, तर पत्रा तेथेच तुटतो.

इतके करूनही गाडी रुळावरून घसरते. कारण खऱ्या प्रमाणातील चाकाची आतली कड अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उंच असते. चार पायांचे टेबल असमान फरशीवर डुगडुगते, तसे चारांपैकी एक चाक किंचित उचलले गेले की कडेची पकड सुटते. बाजारू गाडीची जाड कड असले दोष पोटात घालते. बारीक कड काहीच क्षमा करीत नाही.

यावरचा उपाय विचार करण्याजोगा आहे. एक आस घट्ट बसवतात आणि दुसरी मधोमध टेकवून डावीउजवीकडे डोलती ठेवतात. मग गाडी जणू तीन बिंदूंवर उभी राहते. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, तशी चारही चाके रुळाला धरून चालतात. रुळांचे माप मात्र केसभरही सैल होत नाही. मोकळीक मिळते ती फक्त एका आसेला.

आपल्या पेढ्यांत आणि एकत्र घरांत नेमके उलट घडताना दिसते. माणसांशी वागताना आपण ताठ राहतो आणि भांडण मिटावे म्हणून हिशेबात सैल होतो. वडिलांनी वही काटेकोर ठेवावी, पण वही लिहिणाऱ्या मुलाला डोलण्यापुरती जागा ठेवावी. दोन्ही आसा घट्ट आवळल्या, तर पहिल्याच खाचखळग्यात चौथे चाक हवेत जाते.