अभ्यासिका आणि ग्रंथदालन

कोल्हापूरला ग्रंथालय ही संस्था विद्यापीठाच्या कितीतरी आधी आली. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही सात वर्षे जुनी. शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले १९६२ मध्ये. त्याच्या ग्रंथालयाला बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचे नाव आहे. खर्डेकर पहिल्या लोकसभेवर कोल्हापूर भागातून अपक्ष म्हणून निवडून गेले होते. पण या शहराला त्यांची खरी ओळख शिक्षक म्हणूनच.

विद्यापीठीय ग्रंथालयांविषयी आपल्या प्राध्यापकवर्गात एक तक्रार नेहमी ऐकू येते. मुले ग्रंथालयात येतात ती स्पर्धा परीक्षांची स्वतःची पुस्तके घेऊन. ग्रंथांना कोणी हात लावत नाही. मला ही तक्रार अर्धीच पटते. चंदगड किंवा शाहूवाडीहून आलेल्या मुलीला खोलीत तिघींमध्ये एक टेबल असते आणि घरी तर तेही नसते. तिला खुर्ची, उजेड आणि चार तासांची शांतता मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, तेव्हा ज्ञानाइतकीच जागेचीही टंचाई आहे हे त्यांनी ओळखले होते. अभ्यासिका त्याच वंशातली आहे. तिला नाक मुरडणाऱ्यांच्या घरी बहुधा स्वतंत्र अभ्यासाची खोली असते!

काळजी वाटते ती शेजारच्या दालनाची, विशेषतः नियतकालिकांच्या बांधीव खंडांची. स्वातंत्र्योत्तर मराठी समीक्षेचा मोठा भाग आधी नियतकालिकांत झाला आणि त्यातला बराचसा पुस्तकात कधी आलाच नाही. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले. नवकथेचा अभ्यास करणाऱ्याने त्याचे अंक पाहिले नाहीत, तर त्याला कथा दिसतात, पण त्या कोणत्या शेजारात छापल्या गेल्या हे दिसत नाही. त्याच अंकातील परीक्षण, पुढच्या अंकातील प्रतिवाद, संपादकीय टीप, पुस्तकांच्या जाहिराती यांतून वाङ्मयीन काळ उभा राहतो. निवडक कथांच्या संग्रहात तो काळ गाळून येतो. वाईच्या 'नवभारत'बद्दलही हेच म्हणता येईल. तिथे साहित्यचर्चेच्या शेजारी तत्त्वज्ञान आणि समाजकारण असते, आणि ही सोयरीक पाहिल्याखेरीज त्या चर्चेचे वजन कळत नाही.

'शोधगंगा'मुळे प्रबंध घरबसल्या वाचता येतात, हे उत्तमच झाले. परंतु एक अनिष्ट सवयही बळावली आहे. तेच अवतरण एका प्रबंधातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. पृष्ठक्रमांकाची चूकसुद्धा निष्ठेने पुढे चालत राहते. मूळ अंक उघडणारा मधल्या मध्ये नाहीसा होतो. संशोधनाची ही उसनवारी ग्रंथालयाच्या उंबरठ्यावरच थांबू शकते, कारण मूळ अंक तिथे असतो आणि तो कोणत्या फळीवर आहे हे सांगणारे माणूसही तिथे असते. निदान असावे. ज्या महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही, तिथल्या विद्यार्थ्याला हे माणूस भेटणार कुठे?

म्हणूनच विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपला परिवार आवारापुरता मानू नये. २००४ मध्ये सोलापूर वेगळे झाले, तरी कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे उरतात. आटपाडी किंवा पाटणहून एम.ए.चा विद्यार्थी येतो तेव्हा त्याचा पूर्ण दिवस आणि एस.टी.चे भाडे खर्ची पडते. कोणत्याही विद्यापीठात अशा विद्यार्थ्याला शिफारसपत्र, शिक्का आणि सही यांसाठी परत पाठवणे मला क्रूरपणाचे वाटते. संलग्न महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवल्यावर निदान तिथे बसून वाचण्याची मुभा त्याला मिळाली पाहिजे. आणि निघण्यापूर्वीच कोणते खंड उपलब्ध आहेत, कोणत्या वर्षांचे गहाळ आहेत, याची यादी त्याला महाविद्यालयात पाहता आली पाहिजे.

उरले आपण. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याच हाती असतात. त्यांतले पाच गुण एखाद्या जुन्या अंकावरच्या दोन पानी टिपणाला देता येतील. अट एकच: टिपण प्रत्यक्ष पाहिलेल्या अंकावरचे हवे. त्यासाठी अर्थात अंकांची निवड करायला आधी आपल्याला त्या दालनात जावे लागेल.