टपालाचा परवाना

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या वहनाचे जे नियम लिपिबद्ध केले, त्यांत कोणत्याही सर्व्हरने दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरकडे पत्र न्यावे, त्यासाठी कोणाची सनद लागू नये, हे गृहीत होते. आज मात्र एखाद्या लहान ग्रंथालयाने स्वतःच्या यंत्रावर टपालाची व्यवस्था उभारली, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या प्रेषकाची ओळख पटविणाऱ्या प्रमाणीकरणांची तजवीज बिनचूक केली, तरी तिच्या आयपी पत्त्याला पूर्वलौकिक नाही, किंवा त्याच पट्ट्यातील शेजारचा पत्ता उपद्रवी निघाला, एवढ्या सबबीवर तिची पत्रे जीमेल वा आउटलुकसारख्या मातब्बर सेवांच्या उंबरठ्यावरून परत फिरू शकतात, अथवा स्पॅमच्या अडगळीत पडून राहतात, आणि तेव्हा तर पाठविणाऱ्यास त्याची वर्दीही मिळत नाही.

स्पॅमचा उपद्रव खरा आहे. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेले प्रमाणीकरणाचे नियम मला मूलतः न्याय्य वाटतात, कारण ते जाहीर आहेत आणि पाळता येतात. माझा आक्षेप आहे तो ज्याचा हिशेब कोणी उघड करीत नाही आणि ज्याविरुद्ध दाद मागावयास माणूस सापडत नाही, अशा लौकिकाच्या निवाड्याला. या सेवांनी अडविलेल्या सर्व्हरला कारण कळवावे, फेरतपासणीचा अर्ज ठरावीक मुदतीत माणसाकरवी निकाली काढावा. स्वेच्छेने हे होत नसेल, तर कायद्याने त्यांस भाग पाडावे.