सॉकेटला नाव द्या!

पेन ड्राइव्ह खोचला की लिनक्स त्याला लगेच ओळखतं, कारण यूएसबीवरचं उपकरण आपलं नाव-गाव स्वतःच सांगतं. आय-टू-सीवर बसणारा साधा सेन्सर मात्र अगदी मुखदुर्बळ! तो कुठल्या तारांवर, कुठल्या पत्त्यावर बसलाय हे कर्नलला आधी लिहून द्यावं लागतं. त्या नोंदवहीला म्हणतात 'डिव्हाइस ट्री'. वरून जोडबोर्ड लावला की तिला 'ओव्हरले' नावाची पुरवणी जोडायची. रास्पबेरी पायच्या हॅट बोर्डांवर २०१४ पासून एक छोटी ईप्रॉम असते, तिच्यात ही पुरवणी ठेवता येते.

पण खरी गोम पुढेच आहे. पुरवणीत थेट मूळ बोर्डाच्या पोटातल्या बसचं नाव असतं. बोर्ड बदलला की पुरवणी बदला! ५ बोर्ड आणि १० जोडबोर्ड म्हणजे ५० पुरवण्या.

माझं म्हणणं साधं आहे. मधल्या सॉकेटचं वर्णन वेगळं लिहा. घरातला मिक्सर फक्त सॉकेट बघतो, वायर कुठल्या मीटरकडे जाते ते विचारत नाही. मग १५ वर्णनांत काम भागेल. प्रत्येक सॉकेट सारखाच हवा असंही नाही, त्याला नाव असलं की झालं.

आणि हो, चालू यंत्रातून बोर्ड काढणं हे लावण्यापेक्षा अवघड. ड्रायव्हर थांबले पाहिजेत, मेमरी मोकळी झाली पाहिजे. पाहुणा गेल्यावरही कर्नल त्याला हाका मारत बसलं, तर यंत्र कोसळायचं. ते जमत नाही तोवर 'हॉट-प्लग' म्हणून मिरवू नये, असं आपलं माझं मत.

तुम्हाला काय वाटतं?