पडद्यावरील अळी, पानावरील अळी

भारतात अमेरिकन लष्करी अळीची पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. त्यानंतर मका उत्पादकांच्या अनेक मेळाव्यांत मी तिची ओळख संगणकीय सादरीकरणातून करून दिली. एका मेळाव्यात पडदाभर पसरलेली अळी पाहून एक शेतकरी म्हणाले, "एवढी मोठी अळी आमच्याकडे नाही, साहेब." त्यांच्या मक्याच्या पोंग्यात मात्र ती होतीच. चूक माझी होती. चित्रात मी मोजमापच दिले नव्हते.

पूर्ण वाढलेली अळी तीन ते चार सेंटिमीटर लांब असते. म्हणून छायाचित्रात तिच्याशेजारी मोजपट्टी किंवा नाणे असावे. डोक्यावरील उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात मांडलेले चार ठिपके बाणांनी दाखवावेत. एका स्लाइडवर एकच मुद्दा पुरे. तक्ते घडीपत्रिकेत द्यावेत.

तांत्रिक तयारीही तितकीच आवश्यक आहे. मजकूर युनिकोडमध्ये असावा, अन्यथा दुसऱ्या संगणकावर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. उजेड असलेल्या सभागृहात फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरे घ्यावीत. संपूर्ण सादरीकरण तिथल्याच प्रोजेक्टरवर आधी चालवून पाहावे. पॉवरपॉइंटमध्ये शंका विचारली जाताच 'बी' ही कळ दाबून पडदा काळा करावा आणि संवाद साधावा.

अखेरीस बरणीतील खरी अळी सभेत हातोहात फिरवावी. ओळख चुकली की फवारणी चुकते आणि त्या चुकीची किंमत वक्ता नव्हे, शेतकरी मोजतो.