आकडा दिसला, पण काम कोण थांबवणार?

भूमिगत कोळसा खाणीत उतरणाऱ्या कामगाराचे दोन शत्रू त्याला दिसत नाहीत. पहिला मिथेन. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी स्फोटाला पुरते. दुसरा कार्बन मोनॉक्साइड. कोळसा आतल्या आत तापू लागला की तो तयार होतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय जड होतात. धोका लक्षात येईपर्यंत बाहेर चालत जाण्याचे त्राण उरत नाही. म्हणूनच खाणकामगाराच्या आरोग्याचा पहिला प्रश्न दवाखान्यात नव्हे, तर हवा मोजणाऱ्या यंत्रणेत सुटतो किंवा बिघडतो.

ही यंत्रणा आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर आली आहे. जमिनीखालचे सेन्सर वायू, हवेचा वेग आणि तापमान मोजतात. पीएलसी नावाचे छोटे औद्योगिक संगणक पंखे, पंप आणि कोळसा वाहून नेणारे पट्टे चालवतात, आणि ही सारी माहिती ‘स्काडा’ या देखरेख प्रणालीमार्फत वर नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर येते. यातील अनेक प्रणाली जगभर पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेल्या आहेत. त्या ज्या संगणकांवर चालतात त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये सुरक्षा दुरुस्त्या देणे बंद केले, विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. इराणमधील अणुकेंद्राची यंत्रे बिघडवणारा ‘स्टक्सनेट’ २०१० मध्ये उघडकीस आला, तेव्हापासून औद्योगिक नियंत्रण प्रणालीवरही हल्ला होऊ शकतो हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा जुने सॉफ्टवेअर बदलायला हवे, यात वाद नाही. प्रश्न आहे तो बदलताना नेमके काय सुधारायचे, हा.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील पाइक रिव्हर खाणीकडे पाहावे लागते. ही खाण जुनाट नव्हती. नवी होती, तिला नियंत्रण कक्ष होता, संगणकीय देखरेख होती. १९ नोव्हेंबर २०१० रोजी दुपारी तेथे मिथेनचा स्फोट झाला. दोघे बाहेर आले, २९ जण गेले. पुढे शाही आयोगाने चौकशी केली. स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात पोहोचल्याच्या २१ नोंदी आढळल्या. त्याहून कमी, पण धोकादायक ठरू शकेल अशा प्रमाणाच्या आणखी २७ नोंदी होत्या. अगदी दुर्घटनेच्या दिवशी सकाळपर्यंत इशारे येत होते. खोल भागातून वर माहिती पाठवणारे स्थिर सेन्सर पुरेसे नव्हते, हा दोष होताच. पण त्याहून मोठा दोष असा, की जी माहिती हाती होती तिच्यावर कोणी काम थांबवले नाही. उत्पादनाची घाई माहितीपेक्षा वरचढ ठरली.

आपल्या कोळसा खाणींत ‘सरदार’ नावाचे पद जुने आहे. सुरक्षा दिव्याच्या ज्योतीवरून वायू ओळखणारा सरदार ज्या ठिकाणी धोका पाही, त्याच ठिकाणी माणसांना मागे घेण्याची जबाबदारी आणि अधिकारही त्याच्याकडे असे. नियमांत ती तरतूद आजही आहे. मात्र देखरेख संगणकावर गेली की आकडा दिसतो वरच्या नियंत्रण कक्षातील ऑपरेटरला, काम चालू असते खाली, आणि काम बंद करण्याचा निर्णय असतो तिसऱ्याच अधिकाऱ्याकडे. ज्याला दिसते त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे तो पडद्यासमोर नाही. नवे सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी ही फारकत ते आपोआप मिटवत नाही. उलट, ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ या समाधानात ती झाकली जाते.

दुसरी बाब तांत्रिक आहे, पण समजायला अवघड नाही. बरेच सेन्सर आपले मोजमाप ४ ते २० मिलिअँपिअर विजेच्या प्रवाहातून पाठवतात. समजा, सेन्सरची मोजपट्टी शून्य ते ५ टक्के मिथेन अशी आहे. हवेत सव्वा टक्का मिथेन असेल तर तो ८ मिलिअँपिअर पाठवील. जुने सॉफ्टवेअर हा संदेश बरोबर वाचत होते. नव्यात कोणी चुकून मोजपट्टी शून्य ते ४ टक्के अशी भरली, तर त्याच ८ मिलिअँपिअरचा अर्थ पडद्यावर १ टक्का असा उमटेल. सव्वा टक्क्याच्या वर मिथेन गेले की वीज तोडायची, असा आपला नियम आहे. म्हणजे खाली मर्यादा गाठली असेल आणि वर सारे आलबेल दिसेल. तसेच तुटलेल्या तारेचा प्रवाह शून्य होतो. तो ‘बिघाड’ म्हणून दाखवायचा की ‘मिथेन शून्य’ म्हणून, हे सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी ठरवलेले असते. जुन्या धाटणीचे, उत्प्रेरकावर चालणारे सेन्सर तर सिलिकॉनच्या वाफेने निकामी होतात आणि ऑक्सिजन कमी पडला तर चुकीचे कमी आकडे देतात. यावर कोणतेही सॉफ्टवेअर हा इलाज नाही. माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू प्रत्यक्ष सेन्सरवर सोडून पडद्यावर तोच आकडा येतो का, भोंगा वाजतो का आणि वीज खरोखर तुटते का, हे तपासणे हाच इलाज.

तिसरी बाब रुग्णालयांना चांगली परिचित आहे. अतिदक्षता विभागात दिवसभर इतकी यंत्रे पिकपिकतात, की परिचारिकांचे कान त्यांना सरावतात आणि खरा इशारा गोंगाटात हरवतो. नियंत्रण कक्षातही तेच घडते. नव्या प्रणालीत इशारे लावणे स्वस्त आणि सोपे असल्याने प्रत्येक गोष्टीला इशारा लावला जातो. मग तीन पाळ्यांत बसणारा माणूस आवाज बंद करायला शिकतो. तो बेफिकीर नसतो. त्याला बेफिकीर व्हायला शिकवलेले असते. इशारे मोजकेच असावेत, आणि प्रत्येकापुढे एकच ठोस कृती लिहिलेली असावी.

हे जमते, याचे उदाहरणही आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातील बिंगहॅम कॅन्यन या उघड्या तांब्याच्या खाणीत एक भिंत सरकू लागल्याचे देखरेख यंत्रणेने आधीच टिपले होते. १० एप्रिल २०१३ रोजी रात्री तेथे सुमारे साडेचौदा कोटी टन दगड-माती कोसळली. एकही माणूस जखमी झाला नाही, कारण कामगारांना आधीच बाहेर काढले होते. तेथे आकडा पाहणाऱ्याचे ऐकले गेले. पाइक रिव्हरशी तुलना केली तर फरक यंत्रांपेक्षा या ऐकण्याचा अधिक आहे.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या परिसरात कोळसा खाणी आहेत, वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे. झारखंडमधील भाटडीह खाणीत २००६ साली झालेल्या स्फोटात ५० कामगारांचे प्राण गेले, ही आठवणही फार जुनी नाही. तेव्हा जेथे अशी प्रणाली बदलली जाईल, तेथे निविदेत पडद्यांची आणि सर्व्हरची संख्या लिहिण्याबरोबर काही अटी घालायला हव्यात. जुनी आणि नवी प्रणाली काही काळ शेजारी शेजारी चालवून आकडे ताडून पाहावेत. प्रत्येक सेन्सरची चाचणी वायू सोडून व्हावी आणि ती सरदार व कामगारांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी. संदेश केवळ इंग्रजीत नसावेत. कंत्राटी कामगारालाही समजेल अशा भाषेत असावेत. नियंत्रण यंत्रणा कार्यालयाच्या इंटरनेटपासून वेगळी ठेवावी. एखादा इशारा कोणी बंद केला तर त्याचे नाव, वेळ आणि कारण नोंदले जावे व ती नोंद खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निरीक्षकाला पाहता यावी.

आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे ऑपरेटरला, वरिष्ठांना न विचारता, काम थांबवण्याचा लेखी अधिकार असावा. त्याने तो वापरला आणि इशारा चुकीचा ठरला, तरी त्याला जाब विचारला जाऊ नये. वाया गेलेल्या पाळीचा कोळसा दुसऱ्या दिवशी काढता येतो. माणसाचे तसे नाही. नव्या प्रणालीच्या उद्घाटनाला फीत कापणाऱ्या पाहुण्यांनी एवढाच प्रश्न विचारावा: मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेले तर वीज आपोआप तुटेल ना, आणि खालच्या माणसांना बाहेर बोलावण्याचा आदेश या खोलीतून कोण देईल? उत्तरादाखल एक नाव पुढे आले नाही, तर बदलला असेल तो फक्त पडदा.